अप्पा, कोणता फ्रीज घेऊ?

जुन्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फ कसा साचतो बघा. कुणी मुद्दाम घालत नाही. रोज दार उघडायचं, रोज थोडी बाहेरची हवा आत शिरायची, आणि एक दिवस बघावं तर हात घालायला जागा नाही! दुकानातल्या किश्श्यांचं तसंच असतं. त्या वेळी वाटतं, गिऱ्हाईक आलं, बोललं, गेलं. पुढं कधी तरी मित्रांत बसलेलो असताना कुणी म्हणतं, "नवा फ्रीज घ्यायचाय रे, कोणता घेऊ?" आणि मग मला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

मी मूळचा नांदेडचा. पण उमेदीची वर्षं गेली लातुरात, अप्पांच्या फ्रीजच्या दुकानात. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या कचेऱ्या, नवे बोर्ड, नवी क्वार्टरं. गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान. अप्पा उदगीरचे. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आधी त्यांचा धंदा ट्रंका आणि बादल्यांचा. जिल्हा झाल्याचं कळलं तसं त्यांनी ट्रंका धाकट्या भावाच्या गळ्यात घातल्या आणि फ्रीज आणले.

बाजार हसला. कारण ती वर्षं दुष्काळाची. नळ आला तर आला. आला की बायका चुलीवरचं तसंच टाकून पळायच्या. "प्यायला पाणी न्हाई, अन् ह्यो गडी गार करायची मशीन विकून राहिला!" असं लोक दुकानाच्या पायरीवर उभं राहून, अप्पांना ऐकू जाईल असं म्हणायचे.

अप्पांचा हिशेब सरळ होता. "जिल्हा झाला की साहेब येतात. साहेब आले की बाईसाहेब येतात. बाईसाहेब आल्या की फ्रीज लागतो!"

दुकानात आम्ही तिघं. अप्पा, मेकॅनिक रशीदभाई आणि मी. अप्पांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी "नांदेडकर"!

*

साहेब आले. अप्पा म्हणाले होते तसेच आले, जीपमधून, बाईसाहेबांसकट.

"सगळ्यात मोठा दाखवा," साहेब म्हणाले.

मी खुश. सगळ्यात मोठा म्हणजे त्या काळी कपाटाएवढं धूड. मी दार उघडून ट्रे ओढून दाखवायला लागलो, तोवर अप्पा आले आणि बाईसाहेबांना म्हणाले, "ताई, घरी माणसं किती?"

"आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला शिकतो."

"मग एवढा कशाला?"

साहेबांना ते आवडलं नाही. "अहो, मी क्लास वन ऑफिसर आहे!"

अप्पा शांत. "साहेब, फ्रीज क्लास बघून घ्यायचा नसतो, पातेली बघून घ्यायचा असतो. ताई, दुधाचं पातेलं केवढं हाय तुमचं?"

बाईंनी हातानं माप दाखवलं. अप्पांना ते पटेना. "हातानं सगळ्या बायका मोठंच दाखवतात. जीप हाय ना बाहेर? घेऊन या पातेलं."

मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं! पण जीप गेली आणि खरंच पातेलं घेऊन परत आली. आमटीचंही आलं, कणीक मळायची परातही आली. अप्पांनी एकेक भांडं एकेका फ्रीजमध्ये स्वतः ठेवून बघितलं. शेवटी मधल्या आकाराचा ठरला. साहेब घुश्श्यात, पण बाईसाहेबांचा चेहरा असा, की या बदलीच्या गावात पहिल्यांदा कुणी तरी त्यांच्या स्वयंपाकघराची चौकशी केली.

मग त्यांनी सगळ्या क्वार्टरांत सांगितलं. पुढं आमच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई पिशवीतून पातेली घेऊन यायला लागली. पायरीवर पातेल्यांची रांग! एक कल्हईवाला दोन दिवस हे बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दुकानासमोरच भाता मांडला. आणि धंदा असा झाला त्याचा, की दसऱ्याला तो अप्पांना शेला घेऊन आला!

*

रशीदभाईंबद्दल सांगायला हवं. माणूस असा, की हात मशीनला आणि लक्ष माणसाला.

औसा रोडला एका घरातून तक्रार आली, नवा फ्रीज दुपारी भयंकर आवाज करतो. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, फक्त दुपारी! मी आणि रशीदभाई भर उन्हात गेलो. घरात सून आणि सासरे. सून म्हणाली, "बसा, आता सुरू होईल."

आम्ही बसलो. चहा झाला. सासरे फ्रीजच्या भिंतीपलीकडच्या खोलीत जाऊन आडवे झाले. आणि थोड्या वेळात खरंच सुरू झालं. असं घरघर, की ताटं थरथरावीत! मी फ्रीजला कान लावला. फ्रीज बिचारा गप्प.

मी तोंड उघडणार, एवढ्यात रशीदभाईंनी माझा पाय दाबला. सुनेकडं बघितलं. तिलाही तेव्हाच उमगलं असावं. तिचा चेहरा उतरला. शेजारपाजारी सगळीकडं तिनं फ्रीजचं गाऱ्हाणं सांगितलेलं, आता खरं सांगायचं कुणाला? आणि सासऱ्यांना कळलं तर? म्हातारा मानी होता.

सासरे आवाजानंच उठून आले. "काय निघालं?"

रशीदभाई पाना हातात घेऊन एकदम गंभीर. "फ्रीजचंच हाय, बडे अब्बा. ह्याच्या पाठीमागं हवा खेळत न्हाई. ह्या भिंतीला पलीकडून काही टेकलेलं हाय का?"

"माझी बाज हाय."

"बस! तीच. मशीनला गरमी लागून राहिली. बाज तिकडं खिडकीपाशी घ्या. तुम्हालाबी वारं लागंल, मशीनलाबी."

बाज हलली. सासरे स्वतः म्हणाले, "वा! आता कसं शांत झालं!" सून आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आली. तिनं रशीदभाईंच्या पिशवीत गुपचूप कैऱ्या ओतल्या. त्यांच्या अंगणातल्या झाडाला त्या दुष्काळात कशाबशा धरलेल्या.

परत येताना मी म्हणालो, "रशीदभाई, तुम्ही साफ खोटं बोललात की!"

"कहाँ? हवा खेळत न्हवतीच की," ते म्हणाले. "त्या घरात."

*

निलंग्याकडचं एक मोठं कुटुंब फ्रीज घ्यायला आलं होतं. तीन भाऊ, त्यांचे वडील, दोन जावई, सगळे टेम्पोतून. बायकांतली एकच, धाकटी सून. तिला का आणलं होतं, तर तिला लातुरात डोळे दाखवायचे होते म्हणून! ती दाराशी पदर सावरून उभी.

दुकानात नुसता गोंधळ. थोरला म्हणतो लाल. मधला म्हणतो, लाल काय, देवीचं देऊळ हाय का, निळा घ्या. जावई म्हणतात, आमच्याकडं हिरवा हाय. वडील म्हणतात, रंग राहू द्या, वजनदार कोणता ते सांगा!

अप्पांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या घरात स्वयंपाक कोण करतं?"

"बायका करतात की," थोरला म्हणाला.

"मग फ्रीज कुणाला लागणार?"

अप्पा दाराशी गेले. त्या सुनेचं माहेर भालकीकडचं, हे मघाशी बोलण्यात आलेलं. ते कानडीत म्हणाले, "नीवु हेळ्री, अम्मा." म्हणजे, तुम्ही सांगा.

माहेरची भाषा ऐकल्याबरोबर त्या पोरीनं मान वर केली. पुढं आली. रंगाकडं बघितलंसुद्धा नाही. एका फ्रीजचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. दार कुठवर येतं ते पावलानं फरशीवर मोजलं. मग कानडी-मराठी मिसळून धडाधड बोलायला लागली. दार ह्या अंगाला उघडतं, आपल्याकडं तिथं चूल आहे. फ्रीज चुलीपाशी नकोच, देवळीखालची ज्वारीची कोठी सोप्यात हलवली की भिंत मोकळी होते. तिथं ऊन येत नाही. वायर तिथवर ओढावी लागेल. आणि खालचा भाजीचा डबा मोठा हवा, कारण मामंजी बाजारच्या दिवशी आठवड्याची भाजी आणतात आणि तिसऱ्या दिवशी ती म्हशीला जाते!

सासरे तिच्याकडं डोळे फाडून बघत होते. लग्नाला बहुतेक वर्ष होत आलेलं.

"आरं," ते थोरल्याला म्हणाले, "ही बोलती की!"

अप्पा फ्रीजचं दार लावत म्हणाले, "हाव. इचारलं की बोलती."

तिनं सांगितला तोच फ्रीज गेला. टेम्पोत तो चढवला तेव्हा सासऱ्यांनी पुढं बसलेल्या थोरल्याला उतरवलं आणि सुनेला त्याच्या जागी, ड्रायव्हरशेजारी, आपल्या बाजूला बसवलं.

*

आता माझ्या घरचा किस्सा. सगळ्या लातूर जिल्ह्याला फ्रीज विकणारा मी, आणि नांदेडला माझ्या आईकडं फ्रीज नाही! ती घेऊच देत नव्हती. "शिळं खायची सोय इकत कशाला आणायची?" हा तिचा एकच मुद्दा.

हे अप्पांच्या कानावर गेलं. त्यांना तो दुकानाचा अपमान वाटला. "मी बोलतो तुमच्या आईशी, नांदेडकर. कसं घेत न्हाईत बघू!" आणि खरंच, एका सोमवारी दुकान बंद असताना ते एस.टी.नं नांदेडला गेले. एकटे. सोबत कंपनीचे रंगीत कागद.

संध्याकाळी मी स्टँडवर घ्यायला गेलो. नांदेड गाडी लागली. माणसं उतरली. सगळ्यात शेवटी अप्पा उतरले, अगदी जपून, पायरीवर एकेक पाय टेकवत. कारण त्यांच्या दोन्ही हातांत एक मोठा माठ होता.

"अप्पा, हे काय?"

"तुमच्या आईनं घ्यायला लावला," अप्पा म्हणाले. "कुंभाराकडं स्वतः घेऊन गेल्या. बोटानं वाजवून बघितला, चार परत केले, मग हा निवडला. म्हणाल्या, रेती खाली घाला, वाळा टाका, दोन दिवस पाणी पिऊ नका."

"आणि फ्रीज?"

"काढलाच न्हाई विषय." ते माठाकडं बघत म्हणाले. "नांदेडकर, तुमची आई आपल्या दुकानात असती ना, तर तुमची नोकरी गेली असती!"

पुढं फ्रीजच्या त्या दुकानात आम्ही तिघं माठातलंच पाणी पीत असू. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर अप्पा अभिमानानं सांगायचे, "हा नांदेडचा मॉडेल हाय."

*

आमच्या दुकानात एक फिकट निळा फ्रीज कायम चालू असायचा, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी. एक रिटायर झालेले गुरुजी आले. त्यांच्या खेड्यात वीज दिवसातून थोडा वेळ. तरी फ्रीज हवाच म्हणाले.

"गुरुजी, विजेशिवाय हे कपाट हाय नुसतं," अप्पा म्हणाले. "कशासाठी पाहिजे?"

गुरुजींनी खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. बायकोचं साखरेच्या आजाराचं इंजेक्शन. गार ठेवलं नाही तर उन्हाळ्यात खराब होतं. त्याआधीची बाटली अशीच गेली आणि बाई दवाखान्यात ॲडमिट झाल्या. गुरुजी हे सांगताना रुमालाची घडी घालत, मोडत होते.

अप्पांनी बाटली घेतली आणि निळ्या फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवली. "हितं ठेवा. थोडं थोडं, बर्फाच्या थर्मासातून नेत जावा. फ्रीज घेऊ नका."

झालं! गुरुजींनी दवाखान्यात सांगितलं, दवाखान्यातून आणखी कुणाला कळलं. कुणाचं इंजेक्शन, कुणाचे डोळ्यांचे थेंब. प्रत्येक बाटलीला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी. लाइट गेली की रशीदभाई हातातलं काम टाकून आधी बर्फ आणायला पळायचे. फ्रीजच्या दुकानात बाहेरून बर्फ आणतात, हे बघून लोक हसायचे. हसू द्या.

एकदा धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी आले. लग्नाची खरेदी. त्यांना नेमका तोच निळा आवडला. तसा रंग गोडाउनमध्ये दुसरा नव्हता. अप्पा म्हणाले, आठ दिवसांत मागवून देतो. व्यापारी ऐकेनात. लग्न परवावर! त्यांनी भाव वाढवला. अप्पा नाही म्हणाले. त्यांनी आणखी वाढवला. मी अप्पांच्या तोंडाकडं बघतोय.

व्यापारी चिडले. "अहो, दुकानात मांडलाय आणि विकत न्हाई म्हंजे काय? आत काय सोनं ठेवलंय?"

अप्पांनी दार उघडून दाखवलं. चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या.

"सोनं न्हाई," अप्पा म्हणाले. "भाडेकरू हायेत. त्यांना घराबाहेर काढता येत न्हाई!"

व्यापाऱ्यांनी त्या चिठ्ठ्या वाकून वाचल्या. सगळ्या वाचल्या. मग पांढरा फ्रीज घेतला, आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आमच्या गावातबी कुणी तरी असंच ठेवायला पाहिजे ना हो?"

*

आणि हा औशाचा.

दुष्काळाचा तो सगळ्यात वाईट उन्हाळा. औशाच्या सरकारी दवाखान्यात सुमनताई म्हणून नर्स होत्या. आपल्या पगारातून साठवून त्या फ्रीज घ्यायला आल्या. सोबत सासू, भागाबाई. काटक म्हातारी, हिरवं लुगडं, तोंडाचं बोळकं, पण नजर अशी की बाजारात तिला कुणी फसवू शकायचं नाही.

सुमनताईंनी फ्रीज बघितला, पसंत केला. लेकराचं दूध, भाजी, सगळं मनाशी ठरलेलं. मी किल्ल्यांची जोडी काढून त्यांच्या हातात दिली. त्या काळी फ्रीजला कुलूप यायचं, दारालाच.

भागाबाईंनी ती किल्ली उलटीसुलटी करून बघितली. "ह्याला कुलूप कशाला?"

"दार बंद ठेवायला, आज्जी," अप्पा म्हणाले. "बाहेरच्या कुणी उघडू नये."

"बाहेरचं म्हंजे कोण?"

पण भागाबाई उत्तराला थांबल्याच नाहीत.

म्हातारीनं किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि बोटानं अप्पांकडं सरकवल्या. "ह्या ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच." मग फ्रीजमध्ये वाकून बघत म्हणाली, "ह्या जाळ्या निघत्यात का?"

सुमनताई घाबरल्या. "आत्या, जाळ्या काढल्यावर भाजी कुठं ठेवायची?"

"भाजी रोजची रोज आण. तुझं दूध दारात मावतंय."

सुमनताईंनी सासूकडं बघितलं. काय कळलं त्यांना कोण जाणे, हसल्या, आणि मला म्हणाल्या, "काढा जाळ्या."

थोड्या दिवसांनी त्या दुकानात आल्या. मशीन थांबतच नाही, सारखं चालूच आहे म्हणाल्या. मी आणि रशीदभाई औशाला गेलो. स्टँडपासून जवळच घर. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. पण फ्रीज घरात नव्हता. तो बाहेर ओट्यावर, छपराखाली, रस्त्याकडं तोंड करून उभा. आत जाळ्यांच्या जागी पाण्यानं भरलेला पितळी हंडा, वर ओगराळं. फ्रीजच्या डोक्यावर दोन-तीन पेले पालथे.

"एवढं पाणी आणता कुठनं, आज्जी?" मी विचारलं. टँकरसाठी बायका उन्हात ताटकळताना आम्ही येता येताच बघितल्या होत्या.

"गल्लीतल्या ह्या समद्या बाया आणत्यात की. टँकर आला की पैली कळशी हितं, मग घरला."

रशीदभाई मागं वाकून बघत होते. "दादीमाँ, दार सारखं उघडतं. मशीनला दम खायला मिळत न्हाई."

"उन्हाळा हाय, बाबा. माणसाला तरी कुठं मिळतो?"

तेवढ्यात स्टँडकडून एक माणूस आला. उन्हानं चेहरा काळवंडलेला, खांद्यावर बोचकं. ओट्याची पायरी चढला. बोचकं खाली ठेवलं, दार उघडलं, पेला भरला, घटाघटा प्यायला. आणखी एक भरला. पेला पालथा घातला, दार नीट दाबून लावलं, बोचकं उचललं आणि चालायला लागला.

म्हातारी भिंतीला टेकून गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी विचारलं, "आज्जी, कोण होते हे?"

"काय म्हाईत."

"म्हणजे? कोण, कुठले, कुणाचे, काहीच विचारलं नाही तुम्ही?"

भागाबाईंनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला.

"पाण्याआधी आमाला इचारायचे, कुणाचे म्हणून. मी न्हाई इचारत कुणाला."